सरदारची वेणी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या फाटकाशी घोडा येतो. मांजरीतल्या आमच्या या नव्या वसाहतीला लागून एक मंगल कार्यालय आहे. त्यांना जागा पुरत नाही, म्हणून नवरदेवाचा घोडा ते आमच्या फाटकाबाहेरच्या कडुनिंबाला आणून बांधतात. त्यांनी सोसायटीला कधी विचारलं नाही. सोसायटीने या विषयावर तीन सभा घेतल्या आणि घोडा दर वर्षी येतोच आहे. पुण्यात एखादी गोष्ट कायमची टिकवायची असेल तर तिच्यावर सभा घ्यावी.

मी चौथ्या मजल्यावर राहते. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत आले की खाली घोड्याची पाठ दिसते, तिच्यावरची जरीची झूल दिसते, गोंडे दिसतात. शेजारच्या फ्लॅटमधली मुलं ‘घोडा, घोडा’ म्हणून ओरडतात. मला मात्र आधी त्याची आयाळ दिसते. ती कुठे दाट आहे, कुठे विरळ आहे, कुण्या घाईच्या माणसाने कात्री चालवली आहे, हे मला चौथ्या मजल्यावरून कळतं. गुडघ्यांना जिना कळत नाही हल्ली, पण हे कळतं. पन्नास वर्षांची खोड आहे, जाणार कुठे?

इकडे ऊस आता थोडाच उरलाय. तरी कार्तिकातल्या पहाटे कुठूनतरी पाचट जाळल्याचा वास येतो आणि हवेला एक बारीक धार असते. त्या धारेबरोबर मला दुसराच वास येतो. ओलं गवत, भिजवलेले हरभरे, चामड्याला लावायचं तेल, आणि घोड्याच्या मानेखाली हात घातला की हाताला लागतो तो ऊबदार, किंचित गोडसर वास. हा वास मांजरीतला नाही. तो खडकीतला आहे, आणि तिथेही तो आता असेल की नाही, मला माहीत नाही.

माझे वडील, अण्णा, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरचा भात शिजायचा. नदीच्या अंगाला, गुलमोहरांच्या रांगेपलीकडे, घोडेस्वारी शिकवणारा एक छोटा क्लब होता. घोडे अकरा आणि माणसं चार. हातांची टंचाई एवढी, की सेक्रेटरीसाहेबांनी एक योजना काढली. क्वार्टरमधल्या मुलामुलींनी पहाटे येऊन तबेला झाडायचा, घोड्यांना खरारा करायचा, आणि त्याबदली तासभर स्वारी शिकायची. मुलगे आठ दिवसांत पळाले. लीद उचलायला लागते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी राहिले. मी तेव्हा बी.ए. करून टंकलेखन शिकत होते आणि घरात माझ्यासाठी स्थळं बघत होते. थोडक्यात, दिवसभर मी कुणालातरी पसंत पडण्याच्या तयारीत असायची. पहाटेचा तो एकच तास असा होता की त्यात मला कुणी बघत नसे.

एका घोड्याशिवाय. म्हणजे घोडीशिवाय. तिचं नाव मेंदी. रंगलेल्या हातावर दुसऱ्या दिवशी जो लालसर तपकिरी रंग चढतो, तोच तिच्या अंगाचा रंग. चालणं असं, की खोगिरावर बसून चहा प्यावा. एका मोसमाला एक घोडा, असा क्लबचा रिवाज होता, आणि सलग दोन मोसम ती माझ्याकडे होती. जानेवारीच्या अखेरीला क्लबचा वार्षिक शो व्हायचा. उड्यांच्या शर्यतीत आम्ही कुठेच नव्हतो. पण त्यात एक ‘टर्नआउट’ची स्पर्धा असे. घोडा किती निगुतीने राखला आहे ते बघायचं. खूर, कातडी, खोगीर, लगाम, आणि सगळ्यात आधी आयाळ. ती मानेच्या एका बाजूला, सगळी सारखी, चार बोटं लांब हवी, म्हणजे तिच्या एकसारख्या लहान लहान वेण्या घालता येतात.

मेंदीची आयाळ वरून खाली येताना रेशमासारखी यायची आणि जिथे मान संपून पाठ सुरू होते, तिथे एकदम खड्डा. वीतभर जागेत नुसते खुंट. कुठे एक बोट, कुठे दीड, कुठे काहीच नाही. कुणी कुरतडल्यासारखं, असं मी म्हणणार होते. पण ते कुरतडलेलंच होतं.

कुरतडणारा शेजारच्या ठाणावर राहायचा. सरदार. पांढरा, मोठ्या हाडाचा, वीस-बावीस वर्षांचा घोडा. खडकीतले निम्मे लोक त्याच्या पाठीवर स्वारी शिकलेले, आणि त्यातल्या निम्म्यांना त्याने अगदी अलगद खाली ठेवलेलं. आता तो नुसता होता. त्याच्या आणि मेंदीच्या मध्ये छातीइतकी भिंत होती. सकाळची चंदी खाऊन झाली की दोघं भिंतीवरून माना पलीकडे टाकायचे. हा तिच्या मानेच्या बुडाशी, ती याच्या. मग दातांनी हळूहळू, तालात, करकर करकर खाजवणं सुरू व्हायचं. डोळे अर्धे मिटलेले. खालचे ओठ लोंबलेले. घोड्याला अंगावर सगळीकडे तोंड नेता येतं, तेवढी ती एक जागा सोडून. तिथे दुसराच कुणी लागतो.

हे मला उस्मानचाचांनी सांगितलं. उस्मानचाचा तिथले जुने मोतद्दार, घोड्यांचं सगळं बघणारे. त्यांचे वडील आणि आजोबाही घोड्यांतच गेले. घर खडकी बाजारात. दाढी मेंदी लावलेली, त्यामुळे ते आणि घोडी एकाच घरातले वाटायचे, असं मी एकदा म्हणाले तर महिनाभर खूश होते. माणसांशी बोलताना त्यांना शब्द सापडत नसत. घोड्यांशी मात्र अखंड बोलायचे.

पहिल्या वर्षी मी काय केलं, ते सांगायला हवं. शोच्या आदल्या दिवशी मला वाटलं, खड्डा भरता येत नाही तर बाकीची आयाळ खड्ड्याएवढी करावी. हिशोब बरोबर. आईची शिवणाची कात्री आणली आणि चाचा नमाजाला गेलेले बघून मेंदीची आयाळ कानापासून खालपर्यंत सपासप एका रेषेत कापली. दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. लष्करातून निवृत्त झालेले, अस्सल पुणेकर, ओठ मिटून हसणारे. त्यांनी मेंदीला एक फेरी घातली आणि मला विचारलं, “कुठल्या शाळेत जाते ही? बॉबकट छान आहे.”

मैदान हसलं. मी पण हसले, कारण दुसरं काय करणार? घरी येऊन रडले. चाचा रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, “बेटा, कात्री पुरी काटते. घोड्याच्या केसाला नेहमी थोडं बाकी ठेवायचं असतं.”

मग वर्षभर त्यांनी मला आयाळ करायला शिकवलं. कात्री नाहीच. एक लहान पितळी फणी. फेरफटका मारून घोडं गरम झालेलं असताना उभं राहायचं, तेव्हा केस सहज सुटतात. खालच्या अंगाचे, सगळ्यात लांब असे चार-पाच केस बोटांत धरायचे, बाकीचे फणीने वर सारायचे, धरलेले फणीवर एक वेढा देऊन झटकन काढायचे. एका दिवसात एवढंसंच. घोडीने कान मागे घेतले की थांबायचं. मी घाई केली की चाचा म्हणायचे, “खेचू नको. माग तिच्याकडे. दिला तर घे.” आणि रोज शेवटी ते आपली चार बोटं जुळवून आयाळीखाली धरायचे. बोटांच्या खाली आली तर उद्या परत. बोटांच्या आत राहिली तर तिला सोडून द्यायची. त्या फणीचा आवाज मला अजून ऐकू येतो. कुणी नवं कापड फाडावं तसा, पण फार लांबून.

दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला माझं लग्न ठरलं. फाल्गुनातली तिथी. मुलगा नगरला पाटबंधारे खात्यात. अण्णा जेवताना म्हणाले, “लोकांकडे वरातीमागून घोडं असतं. आमच्याकडे वरातीच्या आधी. आता ते आवरा.” आई हसली. मी भात कालवत राहिले. जानेवारीचा शो हा माझा शेवटचा होता हे त्या वाक्यात पक्कं झालं. आणि मला टर्नआउटची ती पहिल्या नंबरची फीत हवी होती. कुणाला हसायचं असेल तर हसू दे, पण हवी होती. माझ्या नावाने जे जे काही होतं ते सगळं कुणीतरी दिलेलं होतं. नगरला जाताना ट्रंकेत स्वतः कमावलेलं काहीतरी एक असावं, एवढंच डोक्यात बसलं होतं.

खुंट वाढायला साडेतीन महिने होते. मी चाचांना म्हटलं, “सरदारला दुसरीकडे बांधू या.”

ते नाल साफ करत होते. हात थांबला. “आयाळ वाढंल,” ते म्हणाले. “पुढं?”

“पुढे काय? शो झाला की परत इथे.”

“जनावराला कसं सांगणार, शो आहे म्हणून?”

“तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, चाचा.”

चाचा आणखी काही बोलले नाहीत. त्यांना शब्द सापडत नसत हे मी वर सांगितलंच आहे. त्याचा मी फायदा घेतला, हे आज कळतं. मी सेक्रेटरीसाहेबांकडे गेले, त्यांनी मान डोलावली, आणि सरदारला चंदीच्या कोठीमागच्या शेवटच्या ठाणावर नेलं. तिथून मेंदी दिसत नव्हती. तो गेला तेव्हा मेंदी भिंतीवर मान टाकून उभी होती. बराच वेळ तशीच होती. मग तिने मान काढून घेतली.

त्या मोसमातल्या थंडीइतकी थंडी मी पुन्हा पाहिली नाही. पहाटे सायकलवरून निघताना नदी दिसायचीच नाही, नुसता पांढरा पट्टा. हँडलवरची बोटं बधिर व्हायची. तबेल्यात शिरलं की घोड्यांच्या श्वासांनी वेगळीच ऊब असायची, कंदिलाची काच धुरकट व्हायची. चाचा कथलाच्या मगात गुळाचा चहा द्यायचे. मी तो मग दोन्ही हातांत धरून आधी हात शेकायची आणि मग ते हात मेंदीच्या आयाळीत घालायची. खुंट वाढत होते. दिवाळीला दीड बोट. मार्गशीर्ष लागताना दोन. मी रोज मोजायची आणि रोज खूश व्हायची. आज त्या पहाटेची मला जेवढी ओढ लागते तेवढी कशाचीच नाही, आणि तीच पहाट मला चांगली म्हणता येत नाही. कारण त्या प्रत्येक पहाटे कोठीमागून एक आवाज यायचा. खिंकाळणं नाही. तेवढा जोर त्याच्यात नव्हता. नुसती घशातल्या घशात घुरघुर. मेंदी कान टवकारायची. मी तिची मान माझ्याकडे वळवून फणी चालवायची.

सरदारने आधी हरभरे टाकले, मग गवत निवडून खायला लागला. फासळ्या दिसू लागल्या. तो भिंतीच्या कोपऱ्याला मान घासायचा. चुन्याने त्याची मान आणखी पांढरी झाली होती. चाचांनी मला नेऊन ते दाखवलं. दाखवलं फक्त.

एका सकाळी सेक्रेटरीसाहेब आले. त्यांनी सरदारकडे बघितलं आणि माझ्याकडे आले. घोडी माझ्या नावावर, तक्रार माझी, म्हणून मलाच विचारलं. “म्हातारा तिकडे झुरतोय. परत हिच्या शेजारी आणायचा का? नाहीतर लोणीचे एक जण मागतायत वरातीसाठी. पांढरा घोडा आहे. तुम्ही सांगा.”

मेंदीच्या मानेवर माझी चार बोटं होती. तीन बोटं भरली होती. एक बाकी होतं.

मी म्हटलं, “शो झाल्यावर आणू.”

बस, एवढंच. कुणी माझ्या डोक्यावर बसलं नव्हतं. ‘आत्ताच आणा’ म्हणायलाही तेवढेच शब्द लागले असते. साहेबांनी मान डोलावली. लोणीचं नाव त्यांनी घेतलं होतं, ते मी ऐकलं होतं. पण माझ्या मनाने ते ऐकलं नाही असं ठरवून टाकलं. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा कोठीमागचं ठाण धुतलेलं होतं.

“कधी?” मी विचारलं.

“काल. चालतच नेला,” चाचा म्हणाले. “ह्या फाटकाशी थांबला होता. मागं बघत होता.” मग फणी माझ्या हातात देऊन म्हणाले, “कर. घोडी गरम आहे.”

आणि मी केलं.

शोच्या सकाळी चाचांनी मोच्याकडचा मेण लावलेला काळा दोरा आणि बोथट सुई घेतली. वेण्या घालायचं काम ते कुणाला देत नसत, त्या दिवशी निम्म्या मला घालू दिल्या. आयाळ ओली करून बसवायची, फणीच्या रुंदीने भाग पाडायचे, घट्ट तीनपेडी, टोकाला दोरा, मग दुमडून मानेशी टाका. मानेवरच्या वेण्यांची संख्या विषम हवी, हा त्या लोकांचा नेम. का, ते कुणाला माहीत नाही. आमच्याकडे देवाला पाच किंवा सात फुलं का, तसंच. मेंदीच्या मानेवर आठ वेण्या झाल्या, जाड, एकसारख्या. नववी राहिली. ती मानेच्या बुडाशी, त्या खड्ड्याच्या जागी. तिथले केस चार बोटं झाले होते, पण जेमतेम, आणि कोवळे. चाचांनी ती स्वतः घातली. फार सावकाश. बारीकशी झाली, बाकीच्यांच्या निम्मी. टाका घालून दोरा दातांनी तोडला आणि ते म्हणाले, “ही सरदारची.”

परीक्षक तेच होते. त्यांनी एकेक वेणी बोटाने चाचपली. नवव्या वेणीपाशी बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, “शाळा बदललेली दिसते,” म्हणाले, आणि पुढे गेले. पहिली फीत मेंदीच्या लगामाला लागली. अण्णा आले होते. कारखान्याच्या रजेचा अर्ज भरून आले होते, आणि टाळ्या वाजवताना त्यांची टोपी पडली. एवढं प्रेम त्यांनी माझ्यावर आधी कधी उघड केलं नव्हतं. मी चाचांना शोधलं. ते तबेल्याच्या दारात उभे होते. हात खिशात होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बसने लोणी काळभोरला गेले. विचारत विचारत गेले. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला एक घर, पुढे चिंच, चिंचेखाली एक खिलारी बैल आणि त्याच्या शेजारी सरदार. त्याच्या कपाळावर कालच्या कुठल्यातरी समारंभाचा गुलाल होता. धनी बाहेर आले, मी कोण ते सांगितलं. ते मोकळे झाले.

“या की ताई, बसा. लई गुणी जनावर हाय. आला तवा आठ दिस काय खाईना. म्हनलं मरतंय आता. मग हितं राजाशेजारी बांधला. आता दिसभर ह्याचं वशिंड खाजवत बसतंय बगा.”

खरंच खाजवत होता. मान लांब करून, दातांनी, त्याच तालात. बैल डोळे मिटून उभा. मला इतकं बरं वाटलं की मी हसले. मग धनी म्हणाले, “पर बैलाला कुठं कळतंय माघारी खाजवायचं.”

मी विचारलं, “परत देता का मला?”

“न्हाय ओ ताई. म्हयन्याच्या समद्या तिथी घेतल्यात. लोकास्नी शब्द दिलाय.” मग माझ्या तोंडाकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “हितं बरं हाय त्याला. उपाशी न्हाय ठेवत.”

ते चहा सांगायला आत गेले. मी सरदारपाशी गेले. त्याच्या मानेच्या बुडाशी दोन्ही हातांची नखं रुतवली आणि खाजवायला लागले. त्याचा वरचा ओठ लांब झाला, थरथरला. आणि मग त्याने, घोडे करतात तसं, मान वळवून माझी परतफेड सुरू केली. माझ्या खांद्यावर. स्वेटरवर, मग खांद्यावरून पुढे आलेल्या वेणीवर. करकर करकर. मी हलले नाही. मला त्याची क्षमा मागायची होती आणि त्याला त्यातलं काहीच नको होतं. त्याला फक्त दोघांनी एकाच वेळी खाजवायला हवं होतं. मी रडत होते आणि खाजवत होते. धनी चहा घेऊन आले ते लांबच थांबले.

बसमध्ये बघितलं तर वेणीच्या शेवटाला एका अंगाचे केस चार बोटं तुटलेले.

फाल्गुनात, लग्नाच्या आदल्या दिवशी, मावशी माझ्या डोक्याला तेल लावत होती. म्हणाली, “अगं, हे काय उंदराने खाल्लंय? थांब, कात्री आण गं कुणीतरी. एकसारखे करून देते.”

“असू दे,” मी म्हटलं.

“उद्या फोटो निघतील!”

“असू दे म्हटलं ना, मावशी.” माझा आवाज चढला असणार, कारण कात्री आणायला उठलेली बाई परत खाली बसली. अंतरपाटाच्या वेळचा एक फोटो आहे. मुंडावळ्यांमागे वेणी पुढे आलेली आहे आणि तिचं टोक वाकडं आहे. त्या फोटोत मला माझा चेहरा आवडत नाही, पण तेवढं टोक आवडतं.

नगरला जाण्याआधी एकदा क्लबवर गेले. मेंदीची आयाळ कानापासून पाठीपर्यंत अखंड होती. मानेच्या बुडाशी तर सगळ्यात दाट. तबेल्यातला प्रत्येक जण म्हणत होता, काय सुरेख झाली, काय सुरेख झाली. चाचांनी चार बोटं लावली, ती केसांत बुडाली. “वाढतेच आहे,” ते म्हणाले. “आता खाणार कोण?” मला त्या सारख्या आयाळीकडे बघवेना. फीत मी तिथेच तिच्या ठाणावरच्या खिळ्याला अडकवली. ती नगरला आली नाही.

नगरला थंडी कोरडी. पहिल्याच हिवाळ्यात पाठीला खाज सुटायची. एकदा यांना सरदारची सगळी हकीकत सांगितली. हे कमी बोलणारे, कालव्यांच्या नकाशांत रमणारे. मला वाटलं हसतील. पण म्हणाले, “वळ.” आणि पाठीच्या मधोमध, जिथे आपला हात खालूनही जात नाही आणि वरूनही जात नाही, तिथे खाजवायला लागले. मग पंचेचाळीस वर्षं तो आमचा रिवाज झाला. एका हातात वर्तमानपत्र, दुसरा माझ्या पाठीवर. “जरा वर. डावीकडे. हां, तिथे.” मग माझी पाळी. भांडण झालेलं असलं तरी पाळी चुकायची नाही. नातवंडं हसायची. हे रिटायर झाल्यावर आम्ही पुण्याला आलो, इथे मांजरीत, मुलाजवळ.

हे जाऊन आता दोन वर्षं झाली. मुलाने ऑनलाइन एक प्लास्टिकचा हात मागवून दिला आहे, पाठ खाजवायचा. गुणी मुलगा आहे. त्या हाताने काम होतं. पण त्याला ‘जरा वर’ सांगता येत नाही, आणि त्याची पाळी येत नाही. मी एकदा उगाच त्याला खाजवून पाहिलं. म्हातारपणी माणूस काय काय करतो. मेंदी त्या भिंतीवर रिकामी मान टाकून किती वेळ उभी राहिली होती, ते मला आता मोजून सांगता येईल.

आज सकाळी परत घोडा आला. पांढरा आहे. वयस्कर आहे. वरून बघितलं तर मानेच्या बुडाशी जरीच्या पट्ट्याखाली आयाळीत खड्डा. वीतभर. खुंट वर-खाली. मी चहा तसाच ठेवला. शाल घेतली. लिफ्ट बंद होती, म्हणून चार जिने उतरले, एकेक पायरी, कठड्याला धरून.

कडुनिंबाखाली बँडवाले पिपाण्या पुसत होते. घोड्याचा माणूस झूल ठीक करत होता. मी सरळ गेले आणि पट्ट्याखाली बोटं घातली. कातडी गरम होती. नखं रुतवली. घोड्याचा ओठ लांब झाला.

“ओ आजी, लांब सरका,” तो माणूस म्हणाला. “चावंल.”

“नाही चावत. याच्या शेजारी कुणी असतं का हो, घरी?”

“हाय की. एक घोडी हाय. दोघं येकमेकाला खात बसत्यात. समदी आयाळ खराब केली बगा.”

“वेगळी नका बांधू हो त्यांना.”

त्याला काही कळलं नाही. घोड्याने मान वळवली आणि माझ्या शालीवर दात टेकवले. पाठीच्या वरच्या अंगाला, जिथे हात पोचत नाही त्याच्या जवळपास. मी एक पाऊल मागे सरले, म्हणजे बरोबर तिथे येईल. करकर करकर. मागे बँडवाल्याने ढोलाचा पट्टा गळ्यात अडकवला. कार्यालयाच्या दारातून कुणीतरी हात केला.

“आजी, नवरदेव निघालं,” तो माणूस अजिजीने म्हणाला. “वरात झाल्यावर या ना. मग खाजवा पायजेल तेवढं.”

“नाही,” मी म्हटलं, “आत्ताच.”